स्कीन्सला विकायचं कुणी?

12 नोव्हेंबर 2025 रोजी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या पॉल स्कीन्सला नॅशनल लीगचं साय यंग पारितोषिक मिळालं. मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा हा मान. मत देणाऱ्या तीसही जणांनी पहिल्या पसंतीला त्याचंच नाव लिहिलं. वय 23. आणि मोसमभरात त्याच्या नावावर 10 विजय, 10 पराभव.

सर्वोत्तम ठरलेला गोलंदाज जितके सामने जिंकतो तितकेच हरतो कसा? नऊ इनिंगमागे सरासरी 1.97 धावा एवढंच काय ते त्याने दिलं. हरवलं त्याच्या फलंदाजांनी. पायरेट्सच्या 162 सामन्यांत मिळून 583 धावा झाल्या आणि 117 होम रन. दोन्ही आकडे मोठ्या लीगच्या तीस संघांत तळाचे. 71 सामने जिंकले, 91 हरले, गटात शेवटचा नंबर. 18 मे रोजी फिलाडेल्फियात स्कीन्सने एकट्याने सगळा सामना टाकला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. एक धाव दिली. पायरेट्स 1-0 ने हरले.

तर आता प्रश्न असा, की या पोराला ठेवायचं की विकायचं?

योगायोगाने त्याच आठवड्यात इकडे रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला गेला, त्यामुळे ‘ट्रेड’ म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फरक सांगायला हवा. आयपीएलच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत सारखेच 120 कोटी रुपये होते. अमेरिकन बेसबॉलमध्ये थैलीला वरची मर्यादा नाही. एका रेषेपलीकडे खर्च केला तर कर भरावा लागतो, आणि श्रीमंत क्लब तो भरतात. लॉस एंजेलिसचा डॉजर्स खेळाडूंवर जेवढं उधळतो, त्याच्या एक तृतीयांशही पायरेट्सचा खर्च नाही.

ज्या दोघांचं त्याच दिवसांतलं भांडण पुढे उतरवलं आहे, ते नात्याने मामा आणि भाची. मामा नोकरीसाठी 1978 साली पिट्सबर्गला आले. पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिराला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि गावात पोलादाच्या भट्ट्या अजून पेटत होत्या. पुढच्याच वर्षी पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. दरवर्षी असंच असतं अशी त्यांची समजूत झाली. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. भाची पुण्याची, शिकायला आली ती राहिली. आकडेवारी हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. दोघंही ‘मिलियन’मध्ये बोलतात, मी लाख-कोटी डॉलरांत लिहितो. बाकी शब्द बहुतेक त्यांचेच.

मामा: विकायचा नाही. विषय संपला.

भाची: मामा, तुझा विषय दरवर्षी इथेच संपतो आणि टीमही इथेच संपते. जरा ऐकून तर घे. 2029 चा मोसम संपला की तो मोकळा. आपल्याकडे राहिले चार मोसम. यंदा त्याला मिळाले पावणेनऊ लाख डॉलर. म्हणजे जगातला सगळ्यात स्वस्त सर्वोत्तम पिचर आपल्याकडे आहे. जो क्लब घेईल त्याला चार वर्षांचं सोनं मिळणार, म्हणून भावही तसाच. दर वर्षी एक वर्ष कमी होतंय आणि भाव उतरतोय.

(इथे एक खुलासा. मोठ्या लीगमध्ये पहिली तीन वर्षं खेळाडू जवळजवळ किमान पगारावर राबतो. पुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवतो. सहा वर्षं भरली की तो हवा तिथे जायला मोकळा. स्कीन्सला 2024 मध्ये मे महिन्यापर्यंत खालच्या लीगमध्ये ठेवलं होतं. एक वर्ष जास्त पदरात पाडून घ्यायचा तो डाव होता, असं मामांचं ठाम मत. पण त्याला त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरवलं गेलं आणि नियमानुसार पूर्ण वर्षाची सेवा धरली गेली. वाचवायला गेलेलं वर्ष गेलंच. मामांना हे सांगताना आनंद लपवता येत नाही.)

मामा: भाव, भाव! तुला आठवत नसेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. 2018 च्या जानेवारीत गेरिट कोल विकला. तोही नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरने घेतलेला, अगदी या स्कीन्ससारखा. ह्यूस्टनने चार जण दिले. त्यातला धड निघाला एक, जो मसग्रोव्ह.

भाची: मसग्रोव्ह चांगला होता.

मामा: होता ना! म्हणून तोही विकला. 2021 च्या जानेवारीत सॅन डिएगोला. एप्रिलमध्ये त्याने त्यांच्यासाठी नो-हिटर टाकली, अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही. त्या क्लबच्या इतिहासातली पहिली! आपल्याला त्याच्या बदल्यात जे मिळाले त्यात डेव्हिड बेडनार. हा तर इथलाच, मार्स गावचा. नववी इनिंग राखणारा असा माणूस आपल्याकडे कितीतरी वर्षांनी आला. लोक नुसता त्याचा चेहरा बघून उभे राहायचे. तोही परवा जुलैच्या 31 तारखेला यँकीजना दिला. बदल्यात तीन पोरं, त्यातले दोन कॅचर. आता साखळी बघ. कोल, त्याचा मसग्रोव्ह, त्याचा बेडनार, त्याची ही तीन पोरं. आणि कोल आज कुठाय? यँकीजमध्ये, 32 कोटी 40 लाखांवर. म्हणजे साखळीचं पहिलं टोक न्यूयॉर्कला आणि शेवटचंही न्यूयॉर्कला. आपण मधल्यामध्ये आठ वर्षं हमाली केली.

भाची: अरे पण कोल विकताना दोनच वर्षं उरली होती. आदल्या मोसमात त्याचा नऊ इनिंगमागे धावांचा आकडा चारच्या वर गेला होता. उशिरा विकला, पडत्या भावात विकला. मी तेच तर म्हणतेय. चढत्या भावात विक.

मामा: शेअर आहे का तो?

भाची: क्लबच्या वहीत शेअरच आहे. तुला आवडो न आवडो.

इथवर दोघं आपापल्या ठरलेल्या जागी होते. मामांच्या साखळीला उत्तर नाही असं मला वाटत होतं, तेवढ्यात भाचीने तीच वही उलटी धरली.

भाची: बरं, विकायचं नाही. मग काय करायचं?

मामा: बॅटर आणायचे. सोपं आहे. पिचिंग आहे आपल्याकडे. धावा नाहीत. जो विकतोय त्याच्याकडून घ्यायचे.

भाची: तेच केलं होतं ना 2018 च्या जुलैत? सलग 11 सामने जिंकले, क्लबला वाटलं यंदा आपलं वर्ष. क्रिस आर्चर आणला टँपाहून. काय दिलं?

मामा: त्याचं नाव काढू नकोस.

भाची: टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज, आणि वर मागाहून शेन बाझ. तीनही जण नंतर मोठ्या लीगमध्ये चमकले. मेडोज तर पुढच्याच वर्षी ऑल-स्टार. आणि आर्चर त्या वर्षी 3 जिंकला, 9 हरला. म्हणजे कोलला विकलं तेव्हा फसले आणि आर्चरला घेतलं तेव्हाही फसले. एकाच वर्षात! तुझा उपाय आणि माझा उपाय, दोन्ही या दुकानात करून झालेत.

मामा गप्प झाले ते चहा येईपर्यंत. वाद तिथेच फिरला असं मला वाटतं, जरी दोघांनी ते मान्य केलं नाही. विकणं बरोबर की घेणं बरोबर, यावर पिट्सबर्गमध्ये लोक तासन्‌तास भांडतात. पण 2018 या एकाच वर्षाने दोन्ही बाजूंचे दाखले एकाच वेळी निकालात काढले आहेत. उरतो तो विकणारा-घेणारा हात.

मामा: तुझ्या वहीत वॉशिंग्टन आहे का? 2022 मध्ये त्यांनी हुआन सोटो विकला. 44 कोटींचा करार त्याने नाकारला होता, म्हणून. सॅन डिएगोने काय दिलं! एब्रम्स, गोर, जेम्स वूड. तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. याहून चांगला सौदा कुणाला मिळाला असेल तर दाखव. आणि यंदा वॉशिंग्टन किती हरलं? 96! जुलैत मॅनेजर गेला, जनरल मॅनेजर गेला. सौदा जिंकला आणि सामने हरले.

भाची: मिलवॉकी आहे माझ्या वहीत.

मामा: मला माहीत होतं, मिलवॉकी येणार.

भाची: येणारच! आपल्याच गटात आहेत. टीव्हीची बाजारपेठ आपल्यापेक्षा लहान. 2022 मध्ये जॉश हेडर विकला, लोकांनी शिव्या दिल्या. त्याच्या बदल्यात आलेला एक जण पुढे सरकवून विल्यम काँट्रेरास मिळवला, आज तो लीगमधल्या चांगल्या कॅचरांपैकी. 2024 मध्ये कॉर्बिन बर्न्स विकला. त्याच्याकडे साय यंग होतं, मामा! वर्षभर थांबले असते तर तो फुकट गेला असता. मग डेव्हिन विल्यम्स यँकीजना दिला, त्यातून थर्ड बेसला डर्बिन मिळाला. तीन मोठी माणसं विकली आणि यंदा 97 सामने जिंकले. संपूर्ण लीगमध्ये सर्वांत जास्त.

मामा: मग मिलवॉकीवाल्यांना दे स्कीन्स विकायला. ते विकतील नीट.

भाची: म्हणजे?

मामा: म्हणजे हेच. डॉक्टर चांगला असेल तर ऑपरेशनला माझी ना नाही. पण आजवर ज्याने डावा पाय सांगितला आणि उजवा कापला, त्याच्यासमोर मी आता पोराला झोपवायचं?

भाची हसली. मला वाटतं तिचा सगळा हिशोब बरोबर असूनही याच जागी अडतो. चार वर्षं उरलेला, साय यंग मिळालेला, 23 वर्षांचा पिचर बाजारात आला तर त्याची किंमत थक्क करणारी असेल, यात शंका नाही. पण सौदा म्हणजे निम्मं काम. आलेल्या पोरांना फलंदाज बनवायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्यात पायरेट्सची कीर्ती काय ते 117 होम रन सांगतात. ओनील क्रूझसारखा उंचापुरा, वाऱ्यासारखा धावणारा, चेंडू नदीपर्यंत मारणारा खेळाडू यांच्याकडे आहे. त्याची 2025 मधली सरासरी .200. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला की दोनदा हिट, असं म्हणा.

भाची: आणि कोपराचं काय? ते तू बोलतच नाहीस. जॅरेड जोन्स बघ, आपलाच. मे महिन्यात कोपराचं ऑपरेशन झालं. कोलचं मार्चमध्ये झालं, सगळा मोसम घरी. ग्लासनावचं झालंय. शंभर मैलांनी फेकणाऱ्यांच्या कोपराला मुदत असते. चार वर्षं ‘आपली’ म्हणतोस, त्यातलं दीड वर्ष पट्टीत गेलं तर?

मामा: तर गेलं. पण मग घेणाऱ्यालाही ते दिसतंच ना? तो त्याचा भाव कापूनच देणार. मग तुझं सोनं कुठे राहिलं?

भाची: …हं. ते आहे.

हा मुद्दा मामांनी सहज टाकला, पण तो मला चोख वाटला. भीती दोघांनाही सारखी असेल तर ती किमतीत आधीच धरलेली असते. तिच्यापोटी विकण्याची घाई करण्यात मिळकत नाही.

मग बोलणं अपरिहार्यपणे मालकाकडे गेलं. बॉब नटिंग 2007 पासून क्लबचे प्रमुख मालक. त्यांचं घराणं वेस्ट व्हर्जिनियातलं, वर्तमानपत्रांच्या धंद्यातलं. 2025 च्या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला स्टेडियमवरून विमान फिरलं, त्याच्या शेपटीला फडकत होतं: संघ विका. गॅलरीतूनही हीच आरोळी मोसमभर. मैदानावर उजव्या बाजूची 21 फुटी भिंत आहे ती रॉबेर्तो क्लेमेंटेच्या स्मरणार्थ, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा 21. त्याच भिंतीवरची त्याची खूण काढून तिथे जाहिरात लावण्याचा पराक्रमही त्याच एप्रिलमध्ये झाला. आरडाओरडा झाल्यावर खूण परत आली. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना 1972 च्या शेवटच्या दिवशी विमान अपघातात गेलेला हा माणूस. मामांनी त्याला खेळताना पाहिलेला नाही, पण त्याच्याविषयी बोलताना ते चपला काढून बोलतात असं वाटतं.

मामा: लिरियानोला किती दिले होते? तीन वर्षांचे 3 कोटी 90 लाख. फ्री एजंटशी, म्हणजे मोकळ्या झालेल्या खेळाडूशी, केलेला या क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा करार तो! 2014 चा! सोटोला न्यूयॉर्क मेट्सने किती दिले? साडेशहात्तर कोटी. हा खेळच दोन वेगवेगळ्या गावांत चाललाय.

भाची: म्हणून तर मिलवॉकी म्हणते मी. पैसा नसेल तर चलाखी हवी.

मामा: पैसा नाही असं कुणी सांगितलं? श्रीमंत क्लबांच्या उत्पन्नातला वाटा येतो, राष्ट्रीय टीव्हीचा येतो. याच गावात स्टीलर्स आहेत. तेच काळे-पिवळे रंग, तेच लोक. फुटबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा आहे आणि किमानही. त्यामुळे तिथे हिवाळ्यात आम्ही माणसांसारखे जगतो. बेसबॉलमध्ये वर छप्पर नाही, म्हणून डॉजर्स. आणि खाली जमीन नाही, म्हणून आपण.

भाची: खेळाडूंची संघटना छप्पर कधी येऊ देणार नाही. सध्याचा करार 2026 च्या डिसेंबरपर्यंत आहे. त्यानंतर टाळं लागतंय का बघ. आणि मला संघटनेचं पटतं. मालकाने खर्च करावा म्हणून खेळाडूने पगार का कापून घ्यायचा?

मामा: तू विकायलाही निघालीस आणि संघटनेच्या बाजूनेही बोलतेस?

भाची: दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. के’ब्रायन हेजला 2022 मध्ये आठ वर्षांचे 7 कोटी दिले, तेव्हा क्लबच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा करार होता. गावाने पेढे वाटले. तीन वर्षांत बॅट थंड पडली आणि जुलैत सिनसिनाटीला देऊन टाकला. तो काही क्लबशी बेइमान झाला नव्हता. करार सही करताना निष्ठा फक्त एका बाजूने असते, मामा. मग स्कीन्सबद्दल मी हळवी का होऊ?

यावर मामा काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. ते 1992 कडे गेले. पिट्सबर्गमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला फार वेळ बोलू दिलं तर तो 14 ऑक्टोबर 1992 ला पोहोचतोच. अटलांटात निर्णायक सातवा सामना, नवव्या इनिंगमध्ये पायरेट्स पुढे, आणि शेवटच्या फटक्यावर सिड ब्रीम नावाचा, गुडघे झिजलेला, पूर्वी पायरेट्समध्येच असलेला गडी होम प्लेटवर घसरत पोहोचला. बॅरी बाँड्सचा थ्रो किंचित उशिरा आला. बाँड्स त्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर पायरेट्स सलग 20 मोसम जिंकण्यापेक्षा हरले जास्त.

मामा: वीस वर्षं! तुझ्या मावशीचं लग्न, माझ्या दोन नोकऱ्या, मुलांची ग्रॅज्युएशनं. सगळं त्यात झालं. आणि मग 2013. सिनसिनाटीविरुद्धची ती रात्र. सगळं स्टेडियम त्यांच्या पिचरच्या नावाचा घोष करतंय, ‘क्वेऽटो, क्वेऽटो’, आणि त्याच्या हातून चेंडूच निसटला. पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने बाहेर मारला. मी होतो तिथे. तू म्हणतेस शेअर. शेअरसाठी चाळीस हजार माणसं एका माणसाच्या हातातून चेंडू पाडू शकत नाहीत.

भाची: ते तीन मोसम होते. 13, 14, 15. 2015 ला 98 सामने जिंकले आणि एका सामन्यात बाहेर. मग काय केलं क्लबने? जुने गेल्यावर कोण, कशाचीच सोय नव्हती. जे होतं त्याला चिकटून बसले. मला त्या रात्रीचा हेवा वाटतो, खरंच. पण ती रात्र पुन्हा आणायची कशी, हे तुझ्या गोष्टीत नाही.

मामा: ग्रिफिन आहे ना.

इथे प्रथमच दोघांचे डोळे एकदम चमकले. कॉनर ग्रिफिन, शॉर्टस्टॉप, तेव्हा वय 19, शाळेतून थेट 2024 च्या ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरने घेतलेला. 2025 मध्ये खालच्या लीगांमध्ये .333 ची सरासरी, 21 होम रन, 65 चोरलेले बेस. तळाच्या संघाच्या चाहत्याला खालच्या लीगचे आकडे तोंडपाठ असतात. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला ती गरजच पडत नाही.

भाची: ग्रिफिन वर येईल तेव्हा स्कीन्स हवाच, हे मला कळतं. दोघं एकत्र असण्याची खिडकी दोन-तीन वर्षांची. म्हणून मी आजच विक म्हणत नाही.

मामा: अगं, मग दुपारपासून काय म्हणतेयस?

भाची: मी म्हणतेय, क्लबने विकायची तयारी दाखवावी. किंमत तरी कळू दे. जनरल मॅनेजर चेरिंग्टन जाहीर सांगून मोकळे झाले की 2026 मध्ये तो पायरेट्समध्येच असणार. ऐकूनच घ्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

मामा: तेवढं एक वाक्य ते बरोबर बोलले, तेही तुला नको.

भाची: बरं, मग दुसरा पिचर दे. पिचिंग आहे म्हणतोस ना? केलर दे. त्याचा करार 2028 पर्यंत आहे, भरवशाचा आहे, कुणीही घेईल. त्याच्या बदल्यात पंचवीस होम रन मारणारा एक माणूस आण.

मामा: केलर? …केलर चालेल. मी त्याला रोज टीव्हीवर दुवा देत आलोय, पण चालेल.

भाची: आणि समोरच्याने केलर नको, बबा चँडलर हवा म्हटलं तर?

मामा: चँडलर? ऑगस्टमध्ये आत्ता कुठे वर आलाय तो! पहिल्याच दिवशी चार इनिंग टाकून सामना राखला त्याने!

भाची: म्हणूनच तर मागतील. केलरवर पंचवीस होम रन कोण देणार? पंधरा देतील.

मामा: पंधरा तर आपले आत्ताचेही मारतात.

भाची: कोण मारतो? नाव सांग. क्रूझ सोडून.

मामा: …रेनॉल्ड्स.

भाची: रेनॉल्ड्स कुणाच्या बदल्यात आला होता, आठवतंय? मॅकचन विकला तेव्हा. कोलच्याच आठवड्यात. म्हणजे निदान एक सौदा तरी—

मामा: एकच! आठ वर्षांत एकच! आणि मॅकचनला परत आणायला पाच वर्षं लागली, तो जिंकायला नाही, निवृत्त व्हायला आला. चँडलर देणार नाही. लिहून घे.